लॉजमध्ये एआय : टायलरने आत सोडावं की नाही?

गवंडी

नमस्कार मंडळी.

मी फ्रीमेसन आहे हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे आणि त्यावरून माझी यथेच्छ उडवूनही झालेली आहे. ती फेरी यावेळी माफ करा. नवीन मंडळींपुरतं सांगतो : ब्रिटनमधल्या दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्यांची हत्यारं, चिन्हं आणि चालीरीती उचलून उभी राहिलेली ही बंधुसंस्था. लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा, ग्रँड लॉज म्हणजे अशा शाखांची मुख्य संस्था. लंडनच्या चार लॉजनी १७१७ साली एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज काढली असं परंपरा सांगते. आपल्याकडे ती कंपनी सरकारच्या माणसांबरोबर १७३०च्या आसपास कलकत्त्यात उतरली. ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ची. ठरलेल्या दिवशी बैठक, विधी, मग एकत्र जेवण, काही मदतकार्य. बैठक चालू असताना बंद दाराबाहेर तलवार घेऊन उभा असतो तो पदाधिकारी म्हणजे टायलर. बैठकीत राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायचा नाही असा नियम आहे. (कित्येकजण फक्त या नियमासाठी येत असावेत असा माझा संशय आहे.)

आता मुद्दा. आमच्या पुण्यातल्या लॉजमध्ये सध्या एआयवरून धुसफूस चालू आहे. सुरुवात साधी होती. सेक्रेटरी साहेब बैठकीचं समन्स (म्हणजे बोलावणं) आणि इतिवृत्त चॅटबॉटकडून लिहून घेऊ लागले. इंग्रजी सुधारलं, सगळे खूश. मग एका ब्रदरने (आम्ही सभासदाला ब्रदर म्हणतो) कंपास आणि काटकोन या चिन्हांवर निबंध वाचला. वीस मिनिटं ऐकून झाल्यावर त्यात त्याचं स्वतःचं काय होतं, हे कुणालाच सांगता येईना. मग नवीन अर्जदाराची चौकशी करणाऱ्या समितीतल्या एकाने अर्जदाराचं नाव-गाव यंत्रात घालून त्याची 'कुंडली' काढली. आणि शेवटी आमच्यातला सर्वात तरुण, सर्वात उत्साही पोरगा सांगू लागला की तो विधीचं पुस्तक यंत्राला देऊन रोज रात्री सराव करतो. यंत्र वॉर्डनचे (म्हणजे विधीतल्या एका पदाधिकाऱ्याचे) प्रश्न विचारतं, हा उत्तरं देतो, चुकला तर ते दुरुस्त करतं.

पहिल्या गोष्टीबद्दल मला काडीचं काही वाटत नाही. दुसरीचा कंटाळा येतो, तिसरीची भीती वाटते. चौथीवर मात्र माझी झोप उडाली आहे, कारण पोरगा चांगला आहे आणि त्याचं पाठांतर खरंच सुधारलंय.

मेसनरीत बाहेरच्यांना दिसत नाही ती गोष्ट म्हणजे पाठांतर. तीन पायऱ्या असतात, प्रत्येकीचा विधी हे जवळजवळ एक छोटं नाटक असतं आणि ते पुस्तकात न बघता म्हणायचं असतं. लंडनला एम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट आहे, १८२३ पासून चालू. तिथे ठरलेला विधीभाग एकही सूचना न घेता बिनचूक म्हणून दाखवला तर चांदीची काडेपेटी मिळते. गंमत वाटेल, पण त्या काडेपेटीसाठी माणसं वर्षानुवर्षं खपतात. आमच्याकडे लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन म्हणजे तालमीचा वर्ग असतो. तिथे एखादा निवृत्त ब्रदर समोर बसून शब्द शब्द घोटून घेतो. प्रत्यक्ष विधीत कुणी अडखळला तर मागून एकच जण हळूच शब्द पुरवतो, बाकीचे जिभेवर आलेला शब्द गिळून गप्प बसतात.

मला त्या निवृत्त ब्रदरची काळजी आहे. पोरगा त्याच्याकडे जाईनासा झालाय.

तुम्हाला काय वाटतं? मेसन नसलेल्यांनीही बोला. किंबहुना त्यांनीच बोला.

सदू_सर्व्हर

चांगला धागा. आधी तांत्रिक भाग निपटतो.

पुस्तकाचे फोटो काढून फुकटच्या चॅटबॉटला दिले असतील तर तो मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर गेला. पुढच्या प्रशिक्षणात वापरला जाईल की नाही, हे त्या त्या सेवेच्या अटी आणि पोराने ठेवलेली सेटिंग्ज यांवर अवलंबून. पैसे भरून घेतलेल्या संस्थांच्या खात्यांना बहुधा वेगळ्या अटी असतात. तुमच्या लॉजला खरंच गुप्तता हवी असेल, तर ओपन मॉडेल (म्हणजे कुणालाही उतरवून घेता येणारं एआय) स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येतं, इंटरनेट बंद ठेवून. बरा ग्राफिक कार्ड असलेला लॅपटॉप पुरतो. प्रश्नोत्तरांच्या सरावाला त्याहून जास्त काही लागत नाही.

पण तुमचा विधी त्या यंत्राला आधीपासून माहीत असणार असं मला वाटतं. नेटवर सगळं पडलेलं आहे.

गवंडी

@सदू_सर्व्हर, पडलेलं आहेच. आमच्या शपथेचं जुनं रूप १७३० साली सॅम्युअल प्रिचर्डने छापून टाकलं, तेव्हापासून गुपित असं फारसं उरलेलं नाही. त्याच शपथेत लिहिणार नाही, छापणार नाही, कोरणार नाही, खूण करणार नाही अशी यादी आहे. आमच्याकडचे एक ज्येष्ठ म्हणतात, टाइप करणं हे लिहिण्यातच येतं, विषय संपला. पोरगा म्हणतो, मग छापील पुस्तक तुम्ही मला दिलंतच कसं?

यावर ज्येष्ठांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

जुनी_पोथी

पोराचा मुद्दा बिनतोड आहे आणि जुनाही आहे. जॉर्ज क्लॅरेटने १८३८ साली लंडनमध्ये विधी छापला तेव्हाही हाच गोंधळ झाला. छापलेलं वाचून शिकणारा खरा मेसन कसा, तोंडून कानात जायला हवं, वगैरे. तुमच्या त्या एम्युलेशनवाल्यांनी तर स्वतःच्या संमतीचं छापील पुस्तक १९६९पर्यंत येऊ दिलं नव्हतं. जवळपास दीडशे वर्षं नुसतं ऐकून शिकणं! तरी मधल्या काळात सगळे चोरून छापील पुस्तकं वापरतच होते. काही पुस्तकांत शब्दांची फक्त आद्याक्षरं असायची, म्हणजे 'लिहिलं नाही' असंही म्हणता येतं आणि वाचताही येतं. मनुष्यप्राणी मोठा चतुर.

म्हणजे यंत्राने पहिल्यांदाच पावित्र्यभंग केला असं समजायचं कारण नाही. भंगाची परंपरा मूळ परंपरेइतकीच जुनी आहे.

अवलोकिता

वाचतेय. एक बाळबोध शंका. यंत्राला आत घ्यायचं की नाही यावर एवढी झोप उडालीय, ते ठीक. पण बायकांना आत घेतात का तुमच्यात?

गवंडी

आली का ही! :)

नाही घेत. अँडरसनने लिहिलेल्या मेसनांच्या १७२३च्या घटनेत सरळ लिहिलंय : सभासद सज्जन, जन्माने स्वतंत्र, प्रौढ वयाचे असावेत, गुलाम नकोत, स्त्रिया नकोत, बदनाम माणसं नकोत. आमची शाखा अजून त्याच रेघेवर आहे. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी ल द्रुआ युमँ ही शाखा फ्रान्समध्ये १८९३ला निघाली. ॲनी बेझंट १९०२ साली तिच्यात गेल्या आणि त्यांनीच ती इंग्लंडमध्ये आणि पुढे हिंदुस्थानात वाढवली. इंग्लंडमध्ये फक्त स्त्रियांच्या दोन ग्रँड लॉज आहेत. आमची त्यांच्याशी औपचारिक मान्यता नाही, पण वैरही नाही.

अवलोकिता

म्हणजे गुलाम, स्त्रिया आणि बदनाम माणसं एका रांगेत. छान. आता त्या रांगेत चौथं यंत्र उभं राहील. मला त्याच्या शेजारी उभं राहायला काही हरकत नाही, निदान ते मध्येच बोलणं तोडत नाही.

थट्टा सोडा. तुमच्या संस्थेने 'माणूस' म्हणून कुणाला घेतलं आणि कुणाला किती वर्षं दाराबाहेर ठेवलं, हे आधी बघा. एआयच्या प्रश्नाआधी तो प्रश्न आहे.

जुनी_पोथी

@अवलोकिता, त्याचा इतिहास फार रंगतदार आहे आणि त्यातला एक मोठा तुकडा मुंबईतला आहे.

माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ. मुंबईच्या इंग्रजी लॉजने त्यांना दारातच थांबवलं. ते युरोपात गेले, १८४२ साली पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेऊन मेसन झाले आणि परत आले. आता ते मेसन, पण मुंबईतल्या लॉजमध्ये बसायची अडचण तशीच. तेव्हा जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने पुढाकार घेऊन १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली, हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून. पुढे मुंबईतले बरेच पारशी, मुसलमान बडे लोक त्यात आले.

हिंदूंची कथा आणखी लांबलेली. आक्षेप असा की हिंदूंचे देव अनेक, मग 'एका परमेश्वरावर श्रद्धा' ही अट कशी पुरी होणार? आणि शपथ कोणत्या ग्रंथावर घेणार? कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनी १८६३ साली अर्ज केला, त्यांना दीक्षा मिळाली १८७२ला. नऊ वर्षं पत्रव्यवहार! विवेकानंद १८८४ला मेसन झाले तेव्हा ते दार नुकतंच उघडलेलं होतं.

अमेरिकेत प्रिन्स हॉल आणि त्याच्या सोबतचे चौदा कृष्णवर्णीय यांना १७७५ साली बोस्टनमध्ये एका ब्रिटिश लष्करी लॉजने दीक्षा दिली. तिथल्या गोऱ्या ग्रँड लॉजपैकी पहिल्यांनी त्यांच्या वारसांना मान्यता दिली तेव्हा विसावं शतक सरत आलं होतं.

म्हणजे 'हा आपल्यातला होऊ शकतो का' हा प्रश्न या संस्थेने दर पिढीला विचारलाय आणि बहुतेक वेळा चुकीचं उत्तर देऊन मग पन्नास-शंभर वर्षांनी दुरुस्त केलंय.

सदू_सर्व्हर

म्हणजे २१२५ साली चॅटबॉटला दीक्षा. दीक्षेत डोळ्याला पट्टी बांधतात म्हणे, याला ती कुठे बांधणार?

गवंडी

@जुनी_पोथी, सुंदर प्रतिसाद. पण या रांगेत यंत्राला उभं करू नका, ही कळकळीची विनंती. माणेकजी आणि दत्त यांनी दार ठोठावलं होतं. त्यांना आत यायचं *होतं*. यंत्राला काहीच नकोय. ते आत आलंय कारण आमचा सेक्रेटरी आळशी आहे.

आणि दीक्षेचा अर्थच मुळी असा की ज्याला लाज वाटू शकते, भीती वाटू शकते, वचन मोडलं तर ज्याला काही गमवावं लागतं, असा कुणीतरी शपथ घेतो. शपथेतल्या शिक्षा (जीभ उपटणं वगैरे) इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ साली काढून टाकल्या. आता उरलंय ते इतकंच की चारचौघांत नाव खराब होईल. यंत्राचं नाव कुणापुढे खराब होणार?

टेक्सासकर

ह्यूस्टनजवळच्या एका लॉजचा सभासद. इथलं चित्र थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो.

अमेरिकेत १९५९ साली एक्केचाळीस लाखांच्या आसपास मेसन होते. आता दहा लाखही नाहीत. आमच्या लॉजच्या बैठकीला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी. दीक्षेच्या विधीला लागतात तेवढे पदाधिकारी गोळा करायला शेजारच्या गावातून लोक बोलवावे लागतात. अशा ठिकाणी निवृत्त ब्रदर कुठून आणायचा? आमच्या नवीन मुलाला शिकवणारा म्हातारा ब्याऐंशी वर्षांचा आहे आणि त्याला ऐकू येत नाही. तो मुलगा गाडीतून कामावर जाताना यंत्राशी सराव करतो. मी त्याला कोणत्या तोंडाने नको म्हणू?

अजून एक. इथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा बंधुसंस्थांचं पेव फुटलं होतं, त्यात मेसन ही फक्त एक. ऑड फेलोज, युनायटेड वर्कमेन (१८६८), नाइट्स ऑफ कोलंबस (१८८२)... यांच्यातल्या कितीतरी संस्था विधी आणि टोप्यांच्या आड खरं तर विमा पुरवत होत्या. सभासद आजारी पडला तर आठवड्याला ठरावीक पैसे, मेला तर बायकोला रक्कम. सरकारी सोशल सिक्युरिटी १९३५ला आली, नोकरीतून विमा मिळायला लागला आणि लोकांच्या लक्षात आलं की आता लॉजला गेलं नाही तरी चालतं. ज्यांनी विम्यावर भर दिला त्या विमा कंपन्या होऊन बसल्या. ज्यांच्याकडे विमा सोडून काहीच नव्हतं त्या बुडाल्या.

मी एआयकडे त्या नजरेने बघतो. लॉजकडे लोक ज्या कारणांसाठी येत होते त्यांतलं अजून एक यंत्राने उचललं : कुणीतरी ऐकून घेणारं असणं. रात्री दोन वाजता बोलायला यंत्र हजर आहे. आमची बैठक महिन्यातून एकदा आणि कॉफीही भयंकर.

वहिवाट

मेसन वगैरे आपल्याला कळत नाही. पण @टेक्सासकर यांनी जे लिहिलंय ते गिरणगावात बघितलंय. आमचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे, गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबा गिरणीत होते तेव्हा मंडळाची खोली होती, गावची माणसं पाळीपाळीने तिथे झोपायची. पाळी म्हणजे गिरणीचीच पाळी. आजारपण, मयत, गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, सगळं मंडळ करायचं. वहीत नाव आणि वर्गणी. आता खोली नाही, माणसं विरार-नालासोपारा-बदलापूरला पांगली, मंडळ आहे.

यंदा चिटणीसांच्या मुलाने वार्षिक अहवाल एआयवर केला. दिसायला इतका देखणा अहवाल मंडळाच्या इतिहासात झाला नसेल. वाचायला घेतला तर त्यात "मंडळाने यंदा विविध सामाजिक उपक्रमांतून समाजाच्या सर्वांगीण विकासात मोलाचे योगदान दिले" वगैरे दोन पानं. पालखीच्या वेळी वाडीवाडीत मानावरून जे भांडण झालं आणि कुणी मध्ये पडून मिटवलं, त्यातलं काही नाही. दोन दिवंगतांची नावं श्रद्धांजलीतून गळली. सभेत एका म्हाताऱ्या काकांनी उभं राहून फक्त ती दोन नावं मोठ्याने म्हटली आणि खाली बसले. चिटणीसांचा मुलगा पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेला तो जेवणाच्या वेळी आला.

आमच्या जुन्या अहवालांत शुद्धलेखनाच्या चुका असायच्या, पण नावं बरोबर असायची.

जुनी_पोथी

@वहिवाट, दंडवत.

इतिवृत्तावरून आठवलं. रुडयार्ड किपलिंग (जन्म मुंबईचा, हे सांगायला नकोच) १८८६ साली लाहोरच्या 'होप अँड पर्सिव्हरन्स' लॉजमध्ये दाखल झाला. वय एकवीस पुरं नव्हतं, खास परवानगी काढली, कारण लॉजला लिहिता येणारा सेक्रेटरी हवा होता! स्वतःच्याच तिसऱ्या पायरीच्या विधीचं इतिवृत्त त्याच्याच हातचं आहे. म्हातारपणी तो सांगायचा की मला दीक्षा दिली एका ब्राह्मो समाजिस्टाने, पुढची पायरी मुसलमानाने आणि तिसरी इंग्रजाने. फार सुंदर चित्र. संशोधकांनी लॉजची कागदपत्रं काढून बघितली तर ते जुळत नाही. आठवण गोड झाली होती, वही कोरडी होती.

म्हणून सेक्रेटरीने इतिवृत्त यंत्राकडून लिहून घेण्याला गवंडीराव 'काडीचं काही वाटत नाही' म्हणतात ते मला पटत नाही. सर्वात आधी तिथेच लक्ष द्यायला हवं. यंत्राचा स्वभावच गोड करून सांगण्याचा आहे.

सत्यशोधक_९९

हे सगळं बोलून खऱ्या विषयावर पडदा टाकणं चाललंय. फ्रीमेसन आणि इल्युमिनाटी एकच, सैतानाची पूजा करतात, अमेरिकी मेसनांचा पुढारी अल्बर्ट पाईक याने स्वतः लिहून ठेवलंय. एआयला विचारा, तो पण सांगतो.

गवंडी

आलात, बरं झालं, कारण हा मुद्दा धाग्याच्या विषयातलाच आहे.

इल्युमिनाटी ही गुप्त संघटना बव्हेरियात १७७६ला निघाली, तिथल्या सरकारने १७८५पर्यंत बंदी घालून संपवली. पाईकच्या तोंडी घातलेलं ते सैतानी भाषण लेओ टॅक्सिल या फ्रेंच गृहस्थाच्या बनावटीच्या कारखान्यातलं आहे. या माणसाने १८८५ पासून बारा वर्षं मेसनांविरुद्ध खोटी पुस्तकं लिहून कॅथलिक चर्चच्या बड्या लोकांना फसवलं, डायना व्हॉन नावाची एक बाईही कल्पनेतून उभी केली. मग १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भरसभेत उठून सांगितलं की हे सगळं मी रचलं, तुमची गंमत केली. लोक इतके चिडले की त्याला पोलिसांच्या संरक्षणात बाहेर काढावं लागलं.

रचणाऱ्याने स्वतः कबुली दिली, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी ते भाषण फिरतंय. आता ते नेटवर हजारो पानांवर आहे आणि कबुली त्या मानाने थोड्या. यंत्र पानांवरून शिकतं. नीट विचारलं तर चांगली यंत्रं टॅक्सिलचं नाव सांगतात, हे मी करून बघितलंय. पण प्रश्नातच "पाईक सैतानपूजक होता ना?" असं सुचवलं तर काही यंत्रं अजून मान डोलावतात. तुम्हाला बहुधा असंच डोलावणारं भेटलं.

आमच्याकडे एक अर्जदार अशीच माहिती घेऊन मुलाखतीला आला होता. तो सैतानपूजा *शोधतच* आला होता. फारच हिरमोड झाला बिचाऱ्याचा.

सत्यशोधक_९९

तुम्ही असंच म्हणणार.

अवलोकिता

मला तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचंय, त्या 'कुंडली'बद्दल. तिच्यावरून सगळे पुढे गेलात. कुणीतरी तुमच्याकडे विश्वासाने अर्ज केला आणि समितीतल्या माणसाने त्याचं नाव, गाव, नोकरी एका परक्या कंपनीच्या यंत्रात भरली. त्याने संमती दिली होती? २०२३चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा तुमच्या लॉजच्या दारापाशी थांबतो का?

आणि यंत्राने त्याच नावाच्या दुसऱ्याच कुणाचा गुन्हा याच्या नावावर टाकला तर? तुमच्याकडे मतदान गुप्त असतं म्हणे, काळा गोळा टाकला की माणूस बाद. कुणी टाकला, का टाकला, विचारायचं नाही. म्हणजे यंत्राची चूक त्या डब्यात जाऊन कायमची गुप्त होणार. याहून वाईट जोडी मला सुचत नाही.

गवंडी

@अवलोकिता, मान्य. शब्दन् शब्द. हे मी तुमच्या नावानिशी (म्हणजे टोपणनावानिशी) लॉजमध्ये मांडणार आहे. हा माणूस अर्जदाराला जाऊन भेटला असता, त्याच्या घरी चहा प्यायला असता, शेजाऱ्यांशी बोलला असता तर ते समितीचं काम झालं असतं. जुन्या पद्धतीत घरी जाऊन पत्नीशीही बोलायचे, तिची हरकत नाही ना हे बघायला.

जुनी_पोथी

यादीबद्दल लिहायला हवं, कारण बंधुसंस्थांचा घात बहुतेक वेळा यादीने झालाय, विधीने नाही.

फ्रान्समध्ये नाझींशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने ऑगस्ट १९४१ पासून मेसन पदाधिकाऱ्यांची नावं सरकारी राजपत्रात छापली. नाव आलं की सरकारी नोकरी गेली. उलट बाजूने बघायचं तर इटलीत १९८१च्या मार्चमध्ये पी-टू या बिघडलेल्या लॉजचा प्रमुख लिचो जेल्ली याच्या मालमत्तेवर धाड पडली, तिची ९६२ नावांची यादी सापडली, त्यात मंत्री, सेनाधिकारी, गुप्तहेर खात्याचे प्रमुख. फोर्लानी सरकार पडलं. पहिल्या यादीने निरपराधांना पकडलं, दुसरीने अपराध्यांना. यादीला त्याचं काही नसतं.

आणि आपल्या मुंबईची परमहंस सभा! दादोबा पांडुरंग तर्खडकर, राम बाळकृष्ण जयकर आणि मंडळी, १८४९. जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा, आणि ती खरी करून दाखवायला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. त्या काळात हे बाहेर फुटलं असतं तर वाळीत पडण्याची वेळ, म्हणून सगळं गुप्त. शपथ, दीक्षा, बंद दार, अगदी लॉजसारखंच. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही कुणीतरी पळवली. नावं फुटली आणि सभा मोडली. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ला प्रार्थना समाज काढला तो उघडपणे.

एक वही. ती कपाटात होती, कुलपात होती असं धरून चालू. गवंडीराव, तुमच्या लॉजची सभासदयादी, वर्गणी, कोण आजारी, कुणाला मदतनिधीतून किती दिले, हे आज कुठे आहे? सेक्रेटरी समन्स लिहून घेताना यंत्राला काय काय चिकटवतो, हे विचारून बघा.

सदू_सर्व्हर

+१. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. विधीचं काय, तो १७३० पासून बाजारात आहे. मदतनिधीची यादी मात्र कुठेच नसावी.

गवंडी

विचारलं. सेक्रेटरी साहेबांचं उत्तर, "अख्खी एक्सेल शीटच टाकतो, सोपं पडतं."

मी फोन ठेवला.

दर्भपवित्र

जरा वेगळ्या अंगाने. मी भिक्षुकी करतो, डोंबिवलीत. पाठांतराच्या मुद्द्यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

गणेश चतुर्थीला गुरुजी मिळत नाहीत म्हणून कॅसेट आली. आधी लोकांनी नावं ठेवली, मग घरोघरी कॅसेट लागली, आता मोबाईलवर व्हिडिओ लावतात. "आता हळद वाहा", "आता फूल वाहा". मला त्याचा राग येत नाही. चतुर्थीच्या सकाळी मी किती घरं करणार? कॅसेटने पूजा केली ती घरं एरवी पूजेशिवाय राहिली असती. पण त्या घरांतल्या मुलांना मंत्र आला नाही, आणि गुरुजी कोण तेही माहीत नाही. पुढे घरात कुणी गेलं तेव्हा त्यांच्याकडे फोन करायला नंबर नव्हता.

गवंडी यांच्या त्या पोराचं पाठांतर यंत्राने सुधारलं तर चांगलंच झालं. आमच्या पाठशाळेतसुद्धा मुलं आता रेकॉर्डिंग ऐकून सराव करतात, पण संथा गुरुजींसमोर बसूनच द्यावी लागते. तिला पर्याय दिलेला नाही. दिला असता तर मुलांनी घेतला असता, मी पण घेतला असता.

टेक्सासकर

@दर्भपवित्र, फोन नंबरचा मुद्दा जबरदस्त. आमच्या लॉजमध्ये गेल्या हिवाळ्यात वीज गेली तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या ब्रदरकडे जनरेटर घेऊन कोण गेलं असेल? तोच, गाडीत यंत्राशी सराव करणारा मुलगा. म्हणजे यंत्राने त्याला तोडलं असं सरसकट म्हणता येत नाही. तो शिकायला जात नव्हता, पण बघायला जात होता.

फुलपाखरी

मेसन नसलेल्या बायकोची बाजू : नवरा दर महिन्याला काळा सूट घालून, पेटीत ॲप्रन घेऊन जातो आणि रात्री अकराला जेवून खुशीत परत येतो. त्या आधीचे आठ दिवस घरात भिंतीकडे बघून पुटपुटत असतो. मला आणि कुत्र्याला ते सगळं पाठ झालंय असं वाटतं. यंत्र त्याचं पाठांतर करून घेणार असेल तर उद्या पाठवून द्या.

सदू_सर्व्हर

कुत्र्याने गुप्ततेची शपथ घेतलीय का?

फुलपाखरी

त्याला पाव पुरतो, कुणीही भाजलेला.

जुनी_पोथी

:))))

संपादक

अवांतर आवरतं घ्या. सत्यशोधक_९९ यांचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत, कारण व्यक्तिगत शेरे.

गवंडी

काल लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन होतं, तिथे हा विषय निघाला. काय झालं ते सांगतो.

सभासदांची, अर्जदारांची, मदतनिधीची कोणतीही माहिती कोणत्याही यंत्रात घालायची नाही, हे बिनविरोध ठरलं. परमहंस सभेची गोष्ट मी सांगितली. खोलीत तीन जण प्रभू-पाठारे-सारस्वत घरांतले निघाले आणि दोघांना आपल्या पणजोबांच्या वेळचं काहीतरी अर्धवट ऐकलेलं होतं. त्यानंतर कुणी वाद घातला नाही. सेक्रेटरी साहेबांनी खातं पुसलं असं सांगितलं. खात्री करायला सदूसारखा कुणीतरी पाठवावा लागेल. समन्स यंत्राकडून लिहून घेतलं तरी चालेल, इतिवृत्त हाताने.

निबंधाबद्दल ठराव नाही. फक्त निबंध वाचणाऱ्याने नंतर प्रश्नांना उत्तरं द्यायची, कागद बाजूला ठेवून. मला वाटतं त्याने आपोआप निकाल लागेल.

विधीच्या सरावावरून मात्र तुफान. ज्येष्ठांपैकी दोघे म्हणाले, सरळ बंदी. पोराने विचारलं, बंदी पाळली जातेय हे कळणार कसं? कुणीतरी म्हणालं, मग निदान बैठकीच्या दिवशी टायलरने फोन बाहेर काढून घ्यावेत. (चोरून ऐकणाऱ्यांना रोखणं हे टायलरचं मूळ काम.) यावर टायलर स्वतः म्हणाला की चोरून ऐकणारे हल्ली सभासदांच्या खिशात बसून आत जातात, मी बाहेर कुणावर तलवार उगारू? ठरलं की बैठकीच्या वेळी फोन बंद करून त्याच्याकडे द्यायचे. त्याला टोपली हवीय.

बंदीचा ठराव पुढे ढकलला. ज्या निवृत्त ब्रदरची मला काळजी होती तो सगळा वेळ गप्प होता. शेवटी त्याने पोराला विचारलं, "ते यंत्र तुला थांबवतं कुठे?" पोरगा म्हणाला, "शब्द चुकला की." "आणि शब्द बरोबर असून नुसता घाईत म्हटलास तर?" पोरगा जरा विचार करून म्हणाला, "तेव्हा शाबासकी देतं."

"गुरुवारी ये," म्हातारा म्हणाला. "मोबाईल घेऊन ये. मला बघायचंय ते कसं बोलतं."

अवलोकिता

गुरुवारचा वृत्तांत लिहा. आणि टोपलीऐवजी कुलूप लागणारा डबा घ्या, टायलरलाही चहाला उठावं लागतंच.

वहिवाट

आमच्या सभेत हाताने लिहिलेल्या इतिवृत्ताची मागणी झाली आहे. चिटणीसांच्या मुलालाच लिहायला बसवलंय, काका शेजारी बसून नावं सांगतात. पालखीच्या भांडणावर तीन पानं झाली, अजून मध्यस्थ यायचाय.